अर्जात न मावणारी वर्षं

संपादकांनी विषय दिला, ‘मध्येच वाट बदललेली माणसं’. अशा वेळी आयटीतली नोकरी सोडून शेतीकडे वळलेला एखादा तरुण चटकन आठवतो. मला मात्र अमळनेर आठवलं. खानदेशातल्या ओळखीच्या घरांतून अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येत होतं, “तिनं नर्सिंगला नंबर लावलाय.” ही ‘ती’ बारावी झालेली मुलगी असती तर त्यात विशेष काही नव्हतं. पण ती बी.ए. झालेली असायची, कधी बी.एड. झालेली, कधी दोन मुलांची आई. एका घरात तर ‘ती’च्या जागी ‘तो’ होता. मेडिकल दुकानात सहा-सात वर्षं काउंटर सांभाळलेला. ही माणसं पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर का बसतात आणि तिथवर पोचायला त्यांना काय काय करावं लागतं, हे पाहायला मी अमळनेरला गेले.

सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव. बोरी नदी, संत सखाराम महाराजांची यात्रा, मंगळग्रहाचं मंदिर, आणि २०२४च्या फेब्रुवारीत इथे भरलेलं ९७वं मराठी साहित्य संमेलन. विप्रोचा जन्मही इथलाच, १९४५ मधला. सुरुवात वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. त्याच वर्षी प्रताप महाविद्यालय सुरू झालं आणि या गावाला पदवीची सवय लागली. आज आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येऊन शिकलेली पदवीधर मुलंमुली घरोघरी आहेत. पदवीच्या तोलाचं काम मात्र घरोघरी नाही.

पदवी बाजूला ठेवा

जून-जुलैत बसस्थानकाच्या आसपासच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुकानात एक तिशीच्या आतली बाई प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. फाइलमध्ये सगळ्यात वर तिनं बी.ए.चं प्रमाणपत्र ठेवलं होतं. विषय मानसशास्त्र, श्रेणी चांगली. दुकानातल्या मुलानं ते अलगद बाजूला काढलं आणि म्हणाला, “ताई, हे नको. बारावीचं द्या.”

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. आपल्याकडे पदवीधरांसाठी नर्सिंगचं वेगळं दार नाही. कोणतीही पदवी असो, पदव्युत्तर असो, नर्सिंगला यायचं तर बारावीच्या उंबऱ्यावरून यावं लागतं. आणि बारावीत कोणती शाखा घेतली होती, यावर पुढची वाट ठरते.

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल, खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के गुण असतील, तर बी.एस्सी. नर्सिंग. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात या चार विषयांबरोबर नर्सिंगकडे असलेला कलही तपासतात. बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झाली असेल, तर दार उरतं जी.एन.एम.चं. तो तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला शाखेची अट नाही, विज्ञानाला प्राधान्य आहे इतकंच. इंग्रजीसह बारावी आणि ४० टक्के गुण पुरतात. तिसरा मार्ग ए.एन.एम.चा. तो दोन वर्षांचा, फक्त स्त्रियांसाठी आणि मुख्यतः गावपातळीवरच्या आरोग्यसेवेसाठी.

फाइल घेऊन बसलेल्या बाईची बारावी कला शाखेची. तिच्यापुढे जी.एन.एम.ची तीन वर्षं होती. नर्सिंगची पदवी हवी असेल, तर त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन. तीन वर्षं घालवून एक पदवी हातात घेतलेल्या बाईला दुसरीसाठी पाच वर्षं मोजायची होती. तिनं हिशेब बोटांवर मांडला आणि पुन्हा फॉर्मकडे वळली.

विज्ञानवाल्यांनाही एक खाच आहे. बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतलेला, पुढे बी.एस्सी. रसायन झालेला मुलगा बी.एस्सी. नर्सिंगला चालत नाही. सोळाव्या वर्षी निवडलेला विषय तिशीत असा आडवा येतो.

मधल्या वर्षांचा हिशेब

कागदपत्रांची यादी कुठल्याही प्रवेशासारखीच आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्ती. उशिरा आलेल्यांना यात एका कागदाची भर घालावी लागते. बारावीनंतर इतकी वर्षं काय केलं, याचं प्रतिज्ञापत्र. सगळे त्याला ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात.

लग्न झालेल्या बाईचे कागद जास्त वेळ खातात. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, उत्पन्नाचा दाखला नवऱ्याच्या नावे, जातीचा दाखला वडिलांच्या. ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो, कधी राजपत्र. ज्यांचं लग्न गावच्या मांडवात झालं आणि नोंदणी राहून गेली, त्यांची धावपळ इथून सुरू होते. जात वैधतेसाठी माहेरच्या वंशावळीचे पुरावे लागतात, म्हणजे भावाला किंवा काकांना कामाला लावायचं. अनेकींचा अर्ज इथेच एका वर्षानं पुढे जातो.

आणि गॅप सर्टिफिकेट? तिथे माणूस लिहितो, ‘घरी होतो’, ‘घरगुती अडचणीमुळे शिक्षण घेता आलं नाही’. मेडिकल दुकानात काम केलेल्या त्या तरुणानंही असंच लिहिलं होतं. शेकडो औषधांची नावं, त्यांच्या मात्रा, कोणतं जेवणाआधी आणि कोणतं नंतर, हे त्याला तोंडपाठ. रात्री अकराला दार ठोठावणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हेही ठाऊक. यातलं काही लिहायला अर्जात रकाना नव्हता. मी त्याला विचारलं, मग लिहिलं काय? “घरगुती अडचण,” तो म्हणाला. “दुसरं लिहून उपयोग काय?”

वाट नवी नाही

आयुष्याच्या मध्यावर नर्सिंगकडे वळण्याची वाट महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथून थोड्याच काळात स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, परित्यक्ता होत्या, घराबाहेर एकटीनं पाऊलही न टाकलेल्या बायका होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं, सगळ्या जातींच्या रुग्णांचं मलमूत्र काढणं म्हणजे त्या काळच्या उच्चवर्णीय घरांना धर्म बुडाल्यासारखं वाटे. रमाबाईंनी घराघरांत जाऊन समजूत घातली. संसाराचा एक डाव मोडल्यावर दुसरा मांडायला त्या बायकांना नर्सिंगनं जागा दिली. तेव्हा त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पण त्यांचं आधीचं आयुष्य हेच त्यांच्या प्रवेशाचं कारण होतं.

अमळनेरपाशीही अशी एक आठवण आहे. इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी १९२४ मध्ये प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० पर्यंत राहिले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आजारी मुलांच्या उशाशी बसणं, त्यांचे कपडे धुणं, खोल्या झाडणं हे सगळं ते स्वतः करत. पुस्तकी विद्वत्ता आणि शुश्रूषा ही दोन कामं एका माणसात सुखानं नांदू शकतात, हे या गावानं पाहिलेलं आहे. तरीही पदवीधर मुलगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न येतोच. एका सासूबाईंनी अहिराणीत विचारलेला मी ऐकला, “आते हाई शिकानं वय शे का?”

वॉर्डातली पहिली सकाळ

अमळनेरहून धुळं जवळ, तासाभराच्या आसपास. जळगाव त्याहून लांब. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खाजगी आहेत, त्यांच्या आधारानं चालणाऱ्या नर्सिंगच्या संस्था आहेत. ज्यांना वसतिगृह परवडतं ते तिथे राहतात. घर सोडता येत नाही ते पहाटेची गाडी पकडतात. सकाळच्या ड्यूटीला साडेसात-आठला वॉर्डात हजर असावं लागतं, त्यामुळे घरचा डबा चारला उठून होतो.

पहिले काही महिने हातांचं शिक्षण. रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलायची, ती सुरकुती न पडता. ताप, नाडी, श्वास मोजून तक्त्यावर मांडायचा. हात कसे आणि किती वेळ धुवायचे. औषध देताना पाच गोष्टी पाहायच्या, रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच. मग येतो सलाईनचा हिशेब. ५०० मिलिलिटर बाटली चार तासांत द्यायची आणि संचातून एका मिलिलिटरला १५ थेंब पडतात, तर मिनिटाला ३१ थेंब. गणिताची शिकवणी घेणारी एक बाई हे सेकंदात सांगते आणि शेजारच्या अठरा वर्षांच्या मुली तिच्याभोवती गोळा होतात.

तिची खरी झुंज भाषेशी असते. पुस्तकं इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. मराठीतून बी.ए. केलेल्या बाईला हाडांची, स्नायूंची, शिरांची शेकडो नावं तिसाव्या वर्षी पाठ करावी लागतात. एकीनं स्वयंपाकघरात ओट्याच्या वर रोज पाच नावं चिकटवायला सुरुवात केली होती. वर्षाच्या शेवटी तिच्या दुसरीतल्या मुलालाही कवटीची हाडं येत होती.

उशिरा आलेली माणसं कुठे पुढे असतात, हे मी एका अनुभवी इनचार्ज सिस्टरांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “बोलण्यात. लहान पोरी इंजेक्शन लवकर शिकतात, हात हलका असतो. पण नातेवाइकांचा घोळका चिडून अंगावर आला, की त्या मागे सरकतात. ह्या पुढे होतात. घरात चार माणसं सांभाळलेली असतात ना.”

खानदेशातल्या वॉर्डात हे बोलणं फार मोलाचं आहे. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले येतात, मे महिन्यात उष्माघाताचे. चोपडा, यावलकडच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल कुटुंबं येतात, त्यांच्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण असतात. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ती यशस्वी व्हायची तर लग्नाआधी तपासणी का करायची, हे त्या माणसांच्या बोलीत, त्यांच्या शेजारी बसून कुणीतरी सांगावं लागेल. चार वर्षं शाळेत शिकवलेली बाई हे काम पहिल्या दिवसापासून करू शकते. “पोटमा दुखस” म्हणणाऱ्या आजीला नेमकं कुठे, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, हे विचारून घेणं म्हणजे निम्मं निदान. त्यासाठी माणूस आणि बोली दोन्ही कळावी लागतात.

वय, पैसा आणि घर

पण हौस पुरत नाही. जी.एन.एम.च्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा ३५ आहे. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारणपणे ३८ पर्यंत आणि मागास प्रवर्गांना ४३ पर्यंत अर्ज करता येतो. म्हणजे खुल्या प्रवर्गातली बाई ३४व्या वर्षी शिकायला आली, तर ३७व्या वर्षी नोंदणी हातात येते आणि सरकारी भरतीसाठी तिला जेमतेम एक संधी उरते. त्या वर्षी जाहिरात निघाली नाही, तर तीही नाही. एम्सच्या परिचारिका भरतीत खुल्या प्रवर्गाला मर्यादा ३० आहे, आणि जी.एन.एम. झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. तिथे जागांची विभागणी ८० टक्के स्त्रिया आणि २० टक्के पुरुष अशी, त्यामुळे वाट बदलून आलेल्या पुरुषाला स्पर्धा अधिक कठीण. हा हिशेब प्रवेशाआधीच मांडायला हवा. तो मांडून देणारं कुणी गावात भेटत नाही.

पैशाच्या बाजूनं एक दिलासा आला. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना येणाऱ्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. बंद पडलेली कमाई, मुलांची सोय, प्रवास, गणवेश, पुस्तकं, रात्रपाळीत घर कोण बघणार, हा दुसरा. शिकणारी प्रत्येक बाई मला एका माणसाचं नाव घेऊन सांगत होती, कुणाची आई, कुणाची जाऊ, एकीचा नवरा, जो पहाटे तिला मोटारसायकलवर स्टेशनला सोडतो आणि मग दूध घालायला जातो. या माणसांशिवाय एकही अर्ज पुढे सरकला नसता.

फलकांपासून सावध

अडलेल्या माणसाला हेरणारे फलक प्रत्येक तालुक्यात दिसतात. ‘सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी’. वयाची अट नाही, बारावीच्या गुणांची अट नाही. तिशी ओलांडलेल्या पदवीधराला हे वाचून सुटल्यासारखं वाटतं. असे कोर्स रुग्णसेवकाचं किंवा मदतनीसाचं काम शिकवतात, आणि त्या कामालाही मान आहे. पण त्यातून नर्स होता येत नाही. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच मिळते. मला भेटलेल्या एका बाईचे मंगळसूत्र मोडून भरलेले पैसे आणि एक वर्ष अशाच एका वर्गात गेलं. ती आता जी.एन.एम.ला आहे. तिचा सल्ला सरळ आहे, पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहा, संस्थेला कमीत कमी १०० खाटांच्या रुग्णालयाचा आधार आहे का ते प्रत्यक्ष जाऊन पाहा, आणि तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोला. परराज्यातला प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालांच्या बाबतीत तर हे तीनदा करा.

जिथे पदवीधरांना दार आहे

अमेरिकेत आधीची कोणतीही पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचे वेगवान अभ्यासक्रम आहेत, साधारण वर्ष ते दीड वर्षाचे. नवऱ्याच्या नोकरीमागे तिकडे गेलेल्या आणि आपली अभियांत्रिकीची किंवा वाणिज्याची पदवी बाजूला ठेवून बसलेल्या मराठी मुलींनाही हा मार्ग खुला आहे. ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी दोन वर्षांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. ब्रिटनमध्येही दोन वर्षांचे आहेत. तिथे नर्स व्हायला प्रत्यक्ष रुग्णसेवेचे २,३०० तास लागतात, आणि आधीचं शिक्षण व अनुभव तपासून अभ्यासक्रमाच्या निम्म्यापर्यंत सूट देता येते. त्या अर्जात एक निबंध असतो. तुम्ही आधी काय केलंत, त्यातून काय शिकलात आणि आता नर्स का व्हायचंय? तो निबंध वाचला जातो, त्यावर मुलाखत होते.

ही सूट खिरापतीसारखी वाटलेली नाही. रुग्णाच्या पलंगाशी घालवायच्या वेळेचा कस ते सोडत नाहीत. गाळतात ते आधी शिकून झालेलं. आपल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात संवादाचं इंग्रजी, उपयोजित मानसशास्त्र आणि उपयोजित समाजशास्त्र हे विषय आहेत. इंग्रजीत एम.ए. केलेल्या मुलीनं आणि मानसशास्त्राच्या पदवीधरानं ते पुन्हा पहिल्यापासून गिरवायचे. त्याऐवजी तोच वेळ त्यांना शरीररचना आणि वॉर्ड यांसाठी मिळाला, तर कुणाचं नुकसान होईल?

दार उघडायचं कसं

गरज नाही असं कुणी म्हणू शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात रात्री उभं राहून पलंग मोजले, तर निकष आणि वास्तव यांतलं अंतर कुणालाही दिसेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. इथे हव्यात, तिथे हव्यात, आणि शिकायला तयार असलेले पदवीधर अमळनेरच्या दुकानात फाइल घेऊन बसले आहेत.

संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला. १९४७च्या जुन्या कायद्याची जागा तो घेणार आहे. नवे नियम लिहिले जात असताना पदवीधरांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखणं सोपं आहे. प्रत्यक्ष रुग्णसेवेचा एकही तास कमी न करता, झालेले विषय वगळून, अडीच-तीन वर्षांत नर्सिंगची पदवी देणारा. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांसाठी आधी काही महिन्यांचा पायाभूत वर्ग ठेवावा. आणि जो उशिरा शिकून येतो, त्याला भरतीच्या वयात तितकी वर्षं सवलत द्यावी.

तोवर आपल्या हातात असलेल्या गोष्टी छोट्या आहेत, पण करण्यासारख्या आहेत. महाविद्यालयांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हा मार्ग आणि त्याचा वयाचा हिशेब मुलामुलींपुढे मांडावा. कागदपत्रांत अडकलेल्या सुनेसाठी माहेरच्या माणसांनी वंशावळीचा कागद या वर्षीच काढून ठेवावा. आणि प्रवेश देणाऱ्यांनी अर्जात एक रकाना वाढवावा, ‘याआधी काय केलं?’ मेडिकल दुकानात काम केलेल्या त्या तरुणाला मग घरगुती अडचण लिहावी लागणार नाही. त्याच्याजवळ त्या रकान्यासाठी पानभर मजकूर आहे, आणि एखाद्या रुग्णाच्या ते नक्की कामी येईल.